झटका कुठून आला? मराठवाड्याच्या कोरड्या हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तू सांभाळण्याची रीत

फेब्रुवारीतली सकाळ होती. परभणीत पहाटे हुडहुडी आणि दुपारी ओठ फुटावेत अशी कोरडी हवा. आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात एका शेतकऱ्याच्या सोलर पंपाचा कंट्रोलर टेबलावर उघडा होता. त्यातला एक मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा तीन पायांचा पार्ट, गेला होता, म्हणून आमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरानं नवा लावला. बोर्ड चालू होईना. मीटर बीपवर ठेवून त्याच्या गेट आणि सोर्स या दोन पायांना टेकवला, तर लांबलचक बीप. नवा पार्टही शॉर्ट. दुसरा लावला, तोही तसाच. तिसरा लावायच्या आधी मी स्वतः मोजला, चांगला होता. त्यानं लावून झाल्यावर पुन्हा मोजला, गेलेला.

माल डुप्लिकेट आहे म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण पोरगा बसला होता प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगात पॉलिस्टरची जर्सी, आणि पार्ट खोचून ठेवले होते पांढऱ्या थर्माकोलमध्ये. तो खुर्चीतून उठला की जर्सीचा बारीक चर्र आवाज यायचा. ते तीन पार्ट त्या आवाजानं, म्हणजे घासण्यातून अंगावर साठलेल्या विजेच्या प्रभारानं, खाल्ले होते.

तेव्हापासून आम्ही टेबल बदललं, सवयी बदलल्या, अर्थिंगचा खड्डा नव्यानं घेतला. त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथं क्रमानं मांडतो. रिपेअरिंग करणाऱ्यांना तर हे लागेलच, पण ज्यांच्या घरात टीव्ही, लॅपटॉप, राउटर आणि शेतात मोटार आहे त्यांनाही लागेल.

आधी थोडा हिशेब

दोन वस्तू एकमेकींना घासल्या आणि विलग झाल्या की एकीकडून दुसरीकडं थोडे इलेक्ट्रॉन जातात. एकीवर धन प्रभार राहतो, दुसरीवर ऋण. ही शाळेतल्या कंगव्याची आणि कागदाच्या कपट्यांची गोष्ट. हवेत ओल असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि त्यावरून प्रभार गुपचूप वाहून जातो. हवा कोरडी असेल तर तो साठतच जातो. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, तेच दमट हवेत दीड हजाराच्या आसपास थांबतं. टेबलावरची प्लास्टिकची पिशवी नुसती उचलली तरी कोरड्या दिवसात २०,००० व्होल्टपर्यंत मजल जाते. कोकणातल्या दुकानदाराला आमची तक्रार समजत नाही, ती यामुळं.

एवढे व्होल्ट असून माणूस मरत नाही, कारण साठा फार थोडा असतो. माणसाचं शरीर म्हणजे साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणारा पार्ट. १०,००० व्होल्टला त्यात ५ मिलिज्यूल ऊर्जा मावते. बोटाला टोचतं, संपतं.

आता हाच साठा मॉसफेटच्या बाजूनं पाहा. अंगावर ३,००० व्होल्ट आहेत असं धरा. एवढ्यावर माणसाला झटका जेमतेम जाणवतो. १०० पिकोफॅरड गुणिले ३,००० म्हणजे ०.३ मायक्रोकूलॉम प्रभार. मॉसफेटच्या गेटची स्वतःची साठवण २ नॅनोफॅरडच्या घरात. बोट गेटला लागलं की सगळा प्रभार दोघांत वाटला जातो आणि गेटवर १४० व्होल्टच्या आसपास दाब येतो. त्या गेटची मर्यादा किती? बहुतेक पॉवर मॉसफेटच्या डेटाशीटवर २० व्होल्ट लिहिलेलं असतं. गेटखालचा काचेसारखा ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की त्याला तिथंच भोक पडतं. म्हणजे तुम्हाला कळण्याच्या आत, न टोचता, पार्ट गेलेला असतो. कळलेला झटका शंभर वेळा सांगितला जातो, न कळलेला कुणी सांगत नाही, आणि नुकसान बहुधा न कळलेल्यानंच होतं.

पायरी १: झटका कोणत्या जातीचा ते ओळखा

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘‘भाऊ, फ्रीजला हात लावला की करंट मारतो.’’ करंट हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

एकदाच टोचतो, चट्ट आवाज येतो, लगेच पुन्हा हात लावला तर काहीच नाही: हा साठलेला प्रभार. खुर्चीतून उठल्यावर, गाडीतून उतरल्यावर, स्वेटर काढताना येतो. माणसाला धोका नाही, चिपला आहे.

हात फिरवला की बारीक मुंग्या, झिणझिण, आणि हात ठेवाल तोवर चालूच: ही गळती. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला चार्जर लावल्यावर अनेकांना हे जाणवतं. चार्जरच्या आत फेजच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो, तो आवाज, म्हणजे विजेतली नको असलेली खरखर (नॉइज), गाळण्यासाठी. चांगल्या चार्जरमध्ये त्यातून पाव मिलिअॅम्पिअरच्या आत प्रवाह झिरपतो. अर्थिंग असेल तर तो तिकडं जातो, नसेल तर तुमच्या बोटातून. पण कूलर, गिझर किंवा फ्रीज झिणझिणत असेल तर ते वाइंडिंग किंवा वायर गळत असल्याचं लक्षण समजा. ताबडतोब प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत हात घालताना माणसं दगावतात ती याच गळतीनं. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, बटण बंद केलेलं पुरत नाही.

तिसरी जात आभाळाची. वीज लांब पडली तरी तारांमधून, केबलमधून धक्का घरात शिरतो. त्याचं पुढं सांगतो.

टेस्टरवर फार विसंबू नका. टेस्टरच्या आत निऑन वायूची छोटी नळी असते. तिच्यावर ७० ते ९० व्होल्ट आले की वायूतले अणू फुटून आयन आणि इलेक्ट्रॉन होतात, आणि तो नारिंगी प्रकाश पडतो. म्हणजे तुमच्या खिशातल्या टेस्टरमध्ये पेटतो तो चिमूटभर प्लाझ्मा आहे. त्याला जळायला अगदी नगण्य प्रवाह पुरतो, म्हणून निरुपद्रवी गळतीवरही तो पेटतो. उलट, लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे राहाल तर जिवंत तारेवरही मिणमिणेल. टेस्टर पेटला म्हणजे काहीतरी आहे. नाही पेटला म्हणजे काही नाही, असं मात्र नाही.

पायरी २: कामाचं टेबल

चार गोष्टी घ्या: मनगटाचा पट्टा, अँटिस्टॅटिक मॅट, तीन पिनचं सोल्डरिंग आयर्न आणि सुती कपडे.

पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो असायलाच हवा. काही जण साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळून अर्थला जोडतात. हे जिवावर बेतणारं आहे. चुकून दुसऱ्या हातात फेज आला तर पूर्ण प्रवाह छातीतून जाईल. १ मेगाओहम असला की २३० व्होल्टला ०.२३ मिलिअॅम्पिअरच निघतो. आणि प्रभार वाहून जायला तेवढी वाट भरपूर आहे: १०० पिकोफॅरडचं शरीर त्यातून एका मिलिसेकंदाच्या आत रिकामं होतं. अर्थात थेट २३० व्होल्टवर चालू असलेल्या बोर्डवर काम करताना पट्टा काढूनच ठेवायचा.

दर सोमवारी दुकान उघडलं की पट्ट्याची पट्टी आणि टोकाचा क्लिप यांच्यात मीटर लावा. १ मेगाओहमच्या आसपास दाखवलं तर ठीक. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे आणि तुम्ही नुसता दागिना घालून बसला आहात. घामानं, वाकवण्यानं या तारा सहा महिन्यांत तुटतात, हा माझा अनुभव.

मॅट आणि पट्टा एकाच बिंदूला जोडा, आणि तो बिंदू भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या अर्थला. सोल्डरिंग आयर्नचं टोक आणि प्लगची अर्थ पिन यांत काही ओहमच्या आत रेझिस्टन्स यायला हवा. दोन पिनच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर गळतीचे व्होल्ट तरंगत असतात. आम्ही एकदा मीटर लावला तर १०० च्या वर दाखवत होता. मोबाईलचा बोर्ड अशा टोकानं शिवू नये.

खुर्ची प्लास्टिकची नको, लाकडी चालेल. फरशीवर गालिचा किंवा प्लास्टिक शीट नको, शहाबादी फरशी उत्तम. दुपारी हवा फारच कोरडी असेल तर कूलर लावा, मात्र त्याचे तुषार बोर्डावर येणार नाहीत एवढा लांब. खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर राहिली की निम्मी कटकट आपोआप कमी होते. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते भिंतीला टांगून ठेवा.

थर्माकोल, सेलोटेपचं बंडल, प्लास्टिकची फाईल, बिस्किटाचा पुडा या वस्तू उघड्या बोर्डापासून किमान ३० सेंटीमीटर लांब. यांना अर्थ करता येत नाही, कारण त्यांच्यावरचा प्रभार जागेवरून हलतच नाही. तारेनं त्याला ओढून काढता येत नाही. लांब ठेवणं हाच उपाय.

पायरी ३: कोणती वस्तू दोषी, ते स्वतः शोधा

हे यंत्र एका संध्याकाळी होतं आणि शिकवायला फार कामी येतं. लागेल एवढंच: एन चॅनेल जेफेट (मॉसफेटचाच भाऊबंद), उदाहरणार्थ एमपीएफ १०२ किंवा बीएफ २४५, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी. बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग एलईडी, मग जेफेटचा ड्रेन. सोर्स थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. गेटला बोटभर लांबीची तार, दुसरं टोक मोकळं. बस. तिन्ही पाय कोणते ते डेटाशीट पाहून ठरवा, कंपनीगणिक ते बदलतात.

एलईडी उजळेल. आता प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून चार वेळा फिरवून तारेजवळ आणा. हातभर अंतरावरच एलईडी मंद व्हायला लागेल आणि जवळ आणाल तसा विझेल. कंगव्याचा ऋण प्रभार तारेतल्या इलेक्ट्रॉनना गेटकडं ढकलतो, गेट ऋण होतं, वाट बंद होते. स्पर्श कुठंच झालेला नाही. कंगवा लांब नेला की एलईडी परत येतो.

इथं जेफेट मुद्दाम घेतला आहे. त्याच्या गेटखाली ऑक्साइडचा थर नसतो, त्यामुळं तो असल्या खेळाला बराच पुरून उरतो. मॉसफेट लावला असता तर पहिल्याच कंगव्यात गेला असता.

आता हे यंत्र टेबलावर ठेवून एकेक वस्तू जवळ आणा. सेलोटेप फर्रकन ओढा, थर्माकोल सरकवा, पॉलिस्टरची बाही घासा, मग सुती रुमाल. आमच्या पोरानं जर्सी काढून हातात धरली आणि यंत्राकडं नेली, तेव्हा दीड हातावरून एलईडी विझला. ‘‘दादा, हे तर भूतच!’’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो सुती शर्ट घालून आला, मला सांगावं लागलं नाही.

पायरी ४: बोर्ड हाताळताना

वस्तू उघडण्याआधी बॅटरी किंवा प्लग काढा. मोबाईलमध्ये मागचं झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं.

टीव्ही, कॉम्प्युटर किंवा एलईडी दिव्याच्या पॉवर सप्लायमध्ये मोठा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टचा कळस ३२५ व्होल्टचा, तेवढ्याला तो भरतो. १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात ५ ज्यूल ऊर्जा. वर शरीराच्या ठिणगीचे ५ मिलिज्यूल सांगितले, हे त्याच्या हजार पट. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून शॉर्ट करू नका, टोक वितळतं, ट्रॅक उडतो आणि डोळ्यात ठिणगी जाऊ शकते. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड तारांना जोडून ठेवा आणि कपॅसिटरच्या पायांना १० सेकंद टेकवा. मग मीटरनं पाहा. मिनिटभरानं पुन्हा पाहा, कारण रिकामा केलेला कपॅसिटर स्वतःहून थोडे व्होल्ट परत वर काढतो. आतल्या पदार्थात मुरलेला प्रभार सावकाश बाहेर येतो, म्हणून. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला कपॅसिटर मात्र हजारो व्होल्टचा असतो, त्यात शिकाऊ माणसानं हातच घालू नये.

बोर्ड कडांना धरा, कनेक्टरच्या पिनांना बोट लावू नका. पिशव्यांमध्ये फरक आहे, तोही लक्षात ठेवा. गुलाबी पिशवी स्वतः प्रभार तयार करत नाही एवढंच, बाहेरून आलेला अडवत नाही. चंदेरी चकाकीची पिशवी अडवते. म्हणून बोर्ड घेऊन बसनं नांदेडला जायचं असेल तर चंदेरी. आणि ज्या बोर्डावर बटण सेल बसवलेला आहे तो काळ्या फोमवर ठेवू नका, तो फोम वीज वाहतो आणि सेल हळूहळू उतरतो.

सुटे मॉसफेट आणि आयसी काळ्या फोममध्येच. तो मिळाला नाही तर पायांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. सगळे पाय एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात फरकाचे व्होल्ट पडत नाहीत.

एक त्रासदायक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक इजा झालेला पार्ट तिथंच मरत नाही. ऑक्साइडला अर्धवट चीर गेली तर बोर्ड टेबलावर व्यवस्थित चालतो, गिऱ्हाईक खुश होऊन जातं आणि महिन्या-दोन महिन्यांनी, मे महिन्याच्या उन्हात शेतावर, तो बंद पडतो. शेतकरी पुन्हा चाळीस किलोमीटरची खेप करतो, तोवर पीक वाळलेलं असतं. पट्टा घालायला पाच सेकंद लागतात.

चार्जर लावल्यावर टच नाचतो, तेव्हा

हा रोजचा प्रश्न. मोबाईलची स्क्रीन तुमच्या बोटामुळं साठवणीत पडणारा अगदी सूक्ष्म फरक मोजत असते. एका अर्थी तो प्रभाराचा डिटेक्टरच. हलका चार्जर आउटपुटच्या दोन्ही तारांवर सारखाच आवाज सोडतो. मोबाईल त्या आवाजावर वरखाली तरंगतो, बोट मात्र जमिनीच्या पातळीवर असतं, आणि स्क्रीनला भलतीकडंच बोटं दिसायला लागतात. स्क्रीन बदलण्याआधी चार्जर काढून पाहा, मग दुसरा चांगला चार्जर लावून पाहा, मग पॉवर बँकेवर. पॉवर बँकेवर टच नीट चालला तर स्क्रीनला दोष नाही. माझ्याकडं आलेल्या अशा अनेकांचे स्क्रीनचे पैसे वाचले आहेत.

पायरी ५: काळ्या रानातलं अर्थिंग

सगळं शेवटी अर्थिंगवर येऊन ठरतं, आणि मराठवाड्यात ते फसवं आहे. आपली काळी माती ओली असताना वीज छान वाहते. जुलैत घेतलेल्या खड्ड्याचं माप झकास येतं. तीच माती एप्रिलमध्ये आकसते, पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि पाईप आणि माती यांच्यात पोकळी राहते. हवेतून अर्थिंग होत नाही. बालाघाटच्या अंगाला, बीड-धाराशिवकडं, दुसरीच अडचण: हात-दोन हातांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण, ज्यातून वीज जवळपास वाहतच नाही.

खोल काळी माती असेल तर घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर लांब, भेगा पोचणार नाहीत इतका खोल खड्डा घ्या. अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, त्याला भोकं, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि विटांचं झाकणबंद कुंड. मिठानं पाईप काही वर्षांत खातो. त्याऐवजी बेंटोनाइटची भुकटी परवडत असेल तर ती भरा. गंमत म्हणजे बेंटोनाइट आणि आपल्या काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती एकाच कुळातली. मात्र तिला कोरडी पडू द्यायची नाही. मार्च लागला की दर आठ दिवसांनी दोन बादल्या पाणी. आमच्या गल्लीत आता हे काम आजी करते, तुळशीला पाणी घातलं की पुढं कुंडात.

पाषाण लागला तर एकच खड्डा खोल करायचा हट्ट सोडा. दोन-तीन पाईप एकमेकांपासून पाईपच्या लांबीहून जास्त अंतरावर घ्या आणि पट्टीनं जोडा, किंवा वरच्या मुरमात चर खणून जीआय पट्टी आडवी पुरा.

मोजमाप अर्थ टेस्टरनं, आणि ते उन्हाळ्यात. घरासाठी ५ ओहमच्या आत आलं तर समाधान माना. नुसत्या मीटरनं फेज ते अर्थ २३० दाखवलं म्हणून फसू नका. तुटक्या अर्थिंगवरही मीटर तेवढं दाखवू शकतो, कारण त्याला स्वतःला जवळपास प्रवाह लागतच नाही.

सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थला छोटा तुकडा जोडून देण्याची पद्धत अजून दिसते. झिणझिण थांबते, मालक खुश. ज्या दिवशी डीपीकडून येणारी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर २३० व्होल्ट येतील. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

पायरी ६: वळीव यायच्या आधी

एप्रिल-मेच्या संध्याकाळी ढगांत गारा आणि हिमकण एकमेकांवर आदळून प्रभार वेगळा होतो. रीत कंगव्याचीच, आकार डोंगराएवढा. हवा एका सेंटीमीटरला साधारण ३०,००० व्होल्टपर्यंत तग धरते. ढगात त्याहून कमी ताणावरही सुरुवात होते, आणि मग काही सेंटीमीटर जाडीची वाट ३०,००० अंशांच्या घरात तापून प्लाझ्मा होते. प्रवाह सरासरी ३०,००० अॅम्पिअरचा.

गुणाकार करून पाहा. ५ ओहमच्या उत्तम अर्थिंगमधून ३०,००० अॅम्पिअर गेले तर त्या क्षणी तुमचं अर्थिंगच दीड लाख व्होल्टनं वर उचललं जातं. म्हणून डिशच्या छत्रीला एक खड्डा, सीसीटीव्हीला दुसरा आणि घराला तिसरा असं करू नका. दोन खड्ड्यांमधला फरक मधल्या टीव्हीतून वाट काढतो. खड्डे कितीही असोत, सगळे जाड पट्टीनं एकत्र जोडा.

मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक आलेला धक्का अर्थिंगकडं वळवणारा पार्ट, बसवा आणि त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब गुंडाळीच्या तारेतच व्होल्ट चढतात. त्याची खिडकी हिरव्याची लाल झाली की तो कामी आला, बदला. तो सगळं वाचवत नाही. वाचवतो तो काढलेला प्लग, आणि प्लगबरोबर डिशची केबल आणि राउटरची तारही. हे ढग भरून येतानाच करायचं, कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावायचा नाही.

माणसांसाठी: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर ठेवा, ते आजूबाजूला पडणाऱ्या विजेची सूचना देतं.

पंपावर डिझेल-पेट्रोल कॅनमध्ये घेताना कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा आणि नळीचं टोक कॅनला टेकवून भरा. कारण तेच, प्रभार.

पायरी ७: जिथं तार जोडता येत नाही

आमच्यापासून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र, उभं राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. गुरुत्वीय लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलतं, तेवढं मोजायचं.

अमेरिकेतल्या लायगोत असा एक आरसा ४० किलोचा, शुद्ध सिलिकाचा असतो. सिलिका म्हणजे पक्का इन्सुलेटर. भोवती निर्वात, त्यामुळं प्रभार हवेत झिरपून जाण्याची सोयही नाही. एकदा बसलेला प्रभार महिनोन्‌महिने तसाच राहतो. आसपासच्या धातूच्या सांगाड्यावरचं विद्युतक्षेत्र जरा हललं की तो प्रभार आरशाला ओढतो, आणि ती ओढ लहरीच्या खुणेत मिसळते. आरशाला तार जोडणं शक्य नाही, काचतंतूंवर टांगलेला असतो तो. म्हणून तिथले लोक आयन झालेला नायट्रोजन कक्षात सोडतात. त्यातले धन आणि ऋण आयन आरशावरच्या विरुद्ध प्रभाराला जाऊन मिळतात आणि तो मिटवतात. टेबलावर ठेवायचा आयोनायझर पंखा मिळतो तो हेच करतो: सुयांच्या टोकाशी हवा फोडून दोन्ही जातींचे आयन थर्माकोलवर, प्लास्टिकवर सोडतो.

हे आरसे साफ करताना त्यांच्यावर द्रवरूप पॉलिमर लावतात, तो वाळला की धुळीसकट सोलून काढतात. आणि सोलतानाच आरशावर प्रभार चढतो, म्हणून सोलण्याच्या जागी आयनांचा झोत धरतात.

आपण मोबाईलच्या नव्या डिस्प्लेवरची फिल्म सोलतो तेव्हा अगदी हेच घडत असतं. आमच्याकडची पद्धत अशी: डिस्प्लेचं कनेक्टर बोर्डापासून सुटं. मनगटात पट्टा. आयोनायझर असेल तर त्याचा झोत फिल्मच्या कडेवर, नसेल तर टेबलालगतची फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतलेली. फिल्मचा कोपरा उचलायचा आणि अगदी सावकाश, डिस्प्लेला समांतर ओढत आणायचा. झटक्यानं ओढली की फर्र आवाज येतो, तो आला की समजायचं प्रभार चढला. मग मिनिटभर डिस्प्ले मॅटवर तसाच पडू द्यायचा, आणि त्यानंतरच कनेक्टर दाबायचं.